उपशम आणि क्षय

वारणेच्या ज्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने आधी साखर कारखाना आणि पुढे 1983 साली अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, आणि ज्या खोऱ्यातील सत्तर खेडी संगणकांनी जोडण्याचा प्रयोग शासनाने 1998 साली आरंभिला, त्या खोऱ्यातील आमच्या कोडोलीत अनेक घरी एखादा तरुण ऑटोकॅडवर नकाशे काढीत बसलेला आढळावा, यात नवल नाही. अशा तरुणास केव्हा ना केव्हा एक विलक्षण अनुभव येतो. प्रोग्राम बिघडतो, तो काढून टाकून नव्याने बसवावा असे ठरते, काढल्याची ग्वाही संगणक स्वतःच देतो, आणि नवी प्रत बसवू जाता तोच संगणक, हा प्रोग्राम येथे आधीपासूनच आहे, असे सांगून अडून बसतो, किंवा बसवू देतो आणि जुना बिघाड नव्या प्रतीत जसाच्या तसा प्रकट करतो. ही अडचण मला केवळ यंत्राची वाटत नाही. जे गेले असे आपण म्हणतो ते खरोखर केव्हा जाते, या प्रश्नाचा जो सूक्ष्म विचार आपल्याकडे पुरातन काळापासून होत आला आहे, त्याचे एक उदाहरणच तेथे डोळ्यांपुढे घडत असते.

कंट्रोल पॅनेलमधून प्रोग्राम काढला म्हणजे त्याचे दृश्य शरीर तेवढे जाते. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी ज्यांत साठविल्या जातात ते फोल्डर सामान्यतः दृष्टीआड ठेवलेले असतात, ते तसेच राहतात. परवाना सांभाळणारी सेवा हा बहुधा वेगळाच प्रोग्राम असतो, तो मागे राहतो. आणि रजिस्ट्री नावाचे जे मध्यवर्ती दप्तर विंडोज ठेवते, त्यातील कित्येक नोंदी कायम राहतात. सोसायटीचे कर्ज फिटले तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या सदरातील बोजा फेरफार मंजूर होईपर्यंत तसाच राहतो, आणि नवे कर्ज मागावयास गेलेल्या खातेदारास बँक नेमकी तीच ओळ दाखविते. येथेही प्रकार तोच आहे. वस्तू गेली, पण नोंद उरली, आणि व्यवहार नोंदीवर चालतो.

हा भेद जितक्या कठोरपणे जैन आचार्यांनी मांडला तितका अन्य कोणी क्वचितच मांडला असेल. त्यांच्या मते कर्म ही नुसती कल्पना नसून आत्म्यास प्रत्यक्ष चिकटणारे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जडद्रव्य, आहे. म्हणून ते गेले की नाही, हा प्रश्न भावनेचा राहत नाही, वस्तुस्थितीचा होतो. चौदा गुणस्थानांच्या त्यांच्या सोपानात मोहनीय कर्म दाबून, म्हणजे त्याचा उपशम करून, वर चढणारा साधक अकराव्या पायरीपर्यंत पोहोचतो. तेथे मोह पूर्ण शांत असतो, तथापि तो सत्तेत, म्हणजे आत साठून, असतो, आणि म्हणून तेथून खाली येणे अटळ आहे. जो मोह दाबीत नाही, त्याचा क्षय करीत जातो, तो दहाव्या पायरीवरून थेट बाराव्या पायरीवर जातो. अकरावीला त्याचा स्पर्शही होत नाही. बाह्यतः दोघेही सारखेच शांत. माझी नम्र परंतु दृढ समजूत अशी की, आपले बहुतेक धर्माचरण, मग ते तीर्थस्नान असो, व्रत असो वा वर्षाकाठी मागितलेली क्षमा असो, उपशमावर संतुष्ट राहते आणि त्यालाच क्षय मानून मोकळे होते.

पेठ वडगावच्या पलीकडे कुंभोजजवळ बाहुबलींची 28 फुटी मूर्ती उभी आहे. राज्य सोडले, देहाची आसक्ती सोडली, वर्षभर निश्चल उभे राहिल्याने अंगावर वेली चढल्या, तरी या महातपस्व्याला केवलज्ञान झाले नाही. आपल्यामुळे थोरला भाऊ भरत याला क्लेश झाला, एवढा एक विकल्प अंतर्यामी उरला होता, आणि भरताने येऊन पूजन केले तेव्हा तो गळाला, असे आदिपुराणकार जिनसेन सांगतात. एवढ्या महान त्यागाला एका नोंदीने अडवावे, यात मला क्रौर्य दिसत नाही. हिशेबाचा प्रामाणिकपणा दिसतो.

कोणी म्हणेल, एकेक नोंद शोधीत बसण्यापेक्षा सर्व डिस्कच पुसून टाकावी. हा मोह अध्यात्मातही फार जुना आहे: देह टाकला, घर टाकले, की सुटलो. परंतु एकेकाळी काही परवाना-व्यवस्था आपली खूण डिस्कच्या अगदी आरंभी, कोणत्याही विभागात न मोडणाऱ्या जागेत ठेवीत, जेणेकरून विभाग पुसला तरी ती राहावी; आणि आता तर परवाना दूरच्या सर्व्हरवर खातेदाराच्या नावे असतो. मृत्यूनंतरही जीवाबरोबर कर्मांचे बनलेले सूक्ष्म कार्मण शरीर जाते, हे ज्यांना असंभाव्य वाटते त्यांनी या व्यवस्थेचा अवश्य विचार करावा.

उलट, सापडेल ते खोडीत सुटणे हाही अविवेकच. या प्रोग्रामबरोबर आलेली काही ग्रंथालये, म्हणजे सामायिक कोडचे संच, अन्य प्रोग्रामांच्याही उपयोगाची असतात. ती उडविली तर निरपराध इतर बेदखल होतात. जैन शास्त्राने आठ कर्मांपैकी ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय ही चार घाती, म्हणजे आत्म्याच्या गुणांचा घात करणारी, ठरविली. वेदनीय, आयु, नाम व गोत्र ही अघाती चार अर्हंताच्या ठायीही आयुष्य संपेपर्यंत राहतात आणि त्याच्या ज्ञानास बाध आणीत नाहीत. काय घातक आणि काय नुसते सोबतीस आहे, ही निवड ज्याला साधली नाही त्याच्या हाती रजिस्ट्री देऊ नये.

सर्वांत अवघड जागा मात्र वेगळीच आहे. जुना प्रोग्राम काढण्यापूर्वी मनुष्य आपली आरेखने सुरक्षित ठेवतो, आणि ते योग्यच आहे, कारण ती झालेल्या कामाची फळे आहेत. पण त्यांच्यासोबत तो आपली साधनपट्ट्यांची मांडणी, आपले आखलेले नमुने, वर्षानुवर्षे हाताला बसलेल्या सोयी, हे सारे फोल्डरच्या फोल्डर उचलून ठेवतो आणि नवी प्रत बसताच श्रद्धेने परत घालतो. बिघाड पुष्कळदा त्या फोल्डरमध्येच असतो. परवाना गेला, सेवा गेली, रजिस्ट्रीतील ओळ न् ओळ गेली, आणि जे जावयाचे होते ते आपणच पेनड्राइव्हवर जपून ठेवले होते.