फिर्यादपक्षाचा वकील आणि कायदेकर्ता

सरकारी वकिलाच्या धंद्यात एक सवलत आहे, ती बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. त्यास काही अंशी एकांगी होण्याची मुभा असते. आरोपीविरुद्ध जेवढे म्हणून सांगता येईल तेवढे त्याने सांगावे, उलटतपासणीत साक्षीदारास पेचात धरावे, शेवटी कडक शिक्षा मागावी. असे केल्याबद्दल त्यास कोणी अन्यायी म्हणत नाही. कारण समोर बचावाचा वकील बसलेला असतो आणि वर न्यायाधीश. एकाचे काम त्याच्या चुका उघड करण्याचे, दुसऱ्याचे त्याच्या उत्साहास आवर घालण्याचे. शास्त्र पाहिले तर खटला जिंकणे हे सरकारी वकिलाचे कर्तव्यच नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३५ साली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली हेच बजावले की, न्याय व्हावा एवढीच त्याची आस्था असावी, आरोपीस शिक्षा होण्याची तहान त्यास नसावी. परंतु ही तहान मुळीच न लागलेला वकील विरळा; आणि ती लागली तरी फारसे बिघडत नाही, ह्याचे श्रेय त्याच्या शीलास जितके, तितकेच त्या समोरच्या आणि वरच्या दोन माणसांस आहे.

असा मनुष्य न्यायालय सोडून कायदेमंडळात गेला म्हणजे ती दोन माणसे मागे राहतात. त्यांच्या भरवशावर जडलेली सवय मात्र मागे राहते काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रश्न आपल्याकडे निघण्यास कारणही आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात जळगावचे सुप्रसिद्ध सरकारी वकील श्री. उज्ज्वल निकम ह्यांची राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमणूक केली. नुकत्याच सुरू झालेल्या कारकीर्दीवर निर्णय देणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून पूर्ण झालेली, चांगली तीस वर्षांची, अशी एक परदेशी कारकीर्द आम्ही विचारास घेतो. ती अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया संस्थानचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर ह्यांची होय.

स्पेक्टर हे निर्वासितासारख्या परदेशातून आलेल्या एका ज्यू गृहस्थाचे चिरंजीव. येल येथे कायदा शिकून ते फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत शिरले. १९६४ साली केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचे ते एक साहाय्यक वकील होते. एकच गोळी केनेडींच्या मानेतून निघून पुढे बसलेल्या गव्हर्नर कॉनलींस लागली, ह्या सिद्धांताचे जनकत्व प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. १९६६ ते १९७४ ते त्या शहराचे मुख्य सरकारी वकील होते. तिकडे ही जागा मतांनी मिळते, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे दोनतीन निवडणुकांत आपटी खाऊन १९८० साली ते सिनेटवर निवडून आले आणि २०११ च्या आरंभापर्यंत तेथे राहिले.

त्यांनी केलेला पहिला मोठा कायदा १९८४ चा. चोरीदरवड्यांबद्दल पूर्वी तीनदा दोषी ठरलेला इसम बंदुकीसह सापडला, तर त्यास निदान पंधरा वर्षे तुरुंगवास द्यावा, असा तो कायदा. मूठभर सराईत गुन्हेगारच शहरातील बऱ्याचशा गुन्ह्यांचे धनी असतात, हा फिलाडेल्फियातील त्यांचा अनुभव. आणि तो खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु ह्या कायद्याने काय केले ते पाहावे. पंधरा वर्षांच्या खाली उतरण्याची वाट न्यायाधीशास बंद झाली. समोरचा मनुष्य विशीतला पोरगा आहे की गुन्हेगारी सोडून बरीच वर्षे झालेला म्हातारा आहे, हे पाहून शिक्षा कमी करणे त्याच्या हाती राहिले नाही. हे पाहण्याचा अधिकार नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो सरकारी वकिलाकडे गेला, कारण हे कलम लावावे की न लावावे हे ठरविणारा तोच. आयुष्याची उमेदीची वर्षे न्यायाधीशाचा आवर सोसण्यात गेली, तो आवर कायदेकर्ता होताच ढिला करून टाकावा, ह्यात दुष्टबुद्धी नाही; सवय आहे. १९८६ साली ह्या कायद्याची व्याप्ती वाढली आणि त्यात एक मोघम शब्दयोजना शिरली. कोणता गुन्हा तीत बसतो आणि कोणता बसत नाही, हे धड कोणास सांगता येईना. अखेर २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शब्दयोजना संदिग्ध म्हणून रद्द ठरविली. तोवर स्पेक्टर ह्यांस जाऊन तीन वर्षे होत आली होती.

१९९१ च्या ऑक्टोबरात क्लॅरेन्स थॉमस ह्यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकीची चौकशी चालली असता अनिता हिल ह्या प्राध्यापक बाईंनी त्यांच्यावर असभ्य वर्तनाचा आरोप केला. रिपब्लिकन पक्षातर्फे बाईंची तपासणी करण्याचे काम स्पेक्टर ह्यांजकडे आले. समितीत चौदा सभासद, सर्व पुरुष. स्पेक्टर ह्यांनी जुन्या कसबाने एकेक शब्द पकडून प्रश्न विचारले आणि शेवटी बाई शपथेवर उघड खोटे बोलल्या असे जाहीर केले. न्यायालयात हे झाले असते तर बचावाचा वकील ताडकन उठला असता. प्रश्न योग्य की अयोग्य हे न्यायाधीशाने ठरविले असते. आणि साक्ष खोटी की खरी हे तर सरकारी वकिलाने सांगावयाचेच नसते. येथे हरकत घेणारा कोणी नव्हता. उलटतपासणीची कला तीच होती. तिला निरुपद्रवी करणारी व्यवस्था तेवढी नव्हती. आम्हांस वाटते, त्या दिवशी स्पेक्टर ह्यांस आपण काही निराळे करीत आहो असे वाटलेही नसेल, आणि तेच अधिक चिंतनीय आहे.

ह्याच सवयीची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्हीच एकांगी ठरू. १९९९ साली अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्यावरील महाभियोगाचा निकाल देताना सिनेट बहुतेक पक्षापक्षाने विभागली गेली. स्पेक्टर ह्यांनी आपल्या पक्षाचे न ऐकता स्कॉटलंडच्या कायद्यातील ‘शाबीत झाले नाही’ हा निकाल उच्चारला. साक्षीदार सिनेटपुढे प्रत्यक्ष उभे केले नाहीत, मग हा खटला कसला, हा त्यांचा आक्षेप होता. लोक हसले. आम्ही हसत नाही. पुराव्याशिवाय दोषी म्हणावयाचे नाही, ही गोष्ट त्या सभागृहात ज्या थोड्यांच्या हाडीमासी खिळली होती, त्यांत हा जुना सरकारी वकील होता.

खरी कसोटी २००६ च्या सप्टेंबरात लागली. दहशतवादाच्या संशयावरून ग्वांतानामो येथे कोंडलेल्या परदेशी कैद्यांस ‘हेबियस कॉर्पस’चा, म्हणजे आपणास का कोंडले असे न्यायालयास विचारावयाचा, हक्क राहू नये अशी तरतूद लष्करी न्यायमंडळांच्या विधेयकात होती. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष ह्या नात्याने स्पेक्टर तिच्याविरुद्ध कळकळीने बोलले. ही तरतूद सुधारलेल्या समाजास शेकडो वर्षे मागे नेईल असे त्यांनी बजावले. त्यांची दुरुस्ती ४८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. आणि मग मूळ विधेयकास त्यांनी अनुकूल मत दिले. न्यायालय ही घाण पुढे साफ करील, असा त्यांचा भरवसा होता.

त्यांच्या बाजूनेही बोलता येते. विधेयकात चांगल्यावाईटाचे मिश्रण असते आणि मत एकच द्यावयाचे असते. न्यायमंडळे हवीत असे त्यांस मनापासून वाटत होते. त्यांच्या एका मताने ६५ विरुद्ध ३४ चा निकाल फिरलाही नसता. भरवसाही पोकळ ठरला नाही, कारण जून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरविली. पण ती पाच विरुद्ध चार मतांनी, आणि मधली वीसएक महिने माणसे कोंडलेलीच होती. आपण जोर लावावा, चुकले तर वरचा सावरील, ही सरकारी वकिलाची नीती त्याच्या जागी क्षम्य आहे. कायदेकर्त्याने तीच धरली, तर स्वतःच्या मताची जबाबदारी त्याने दुसऱ्याच्या गळ्यात बांधली असे होते. स्पेक्टर ह्यांनी २००७ साली तो हक्क परत आणण्याची खटपट केली, हेही नमूद केले पाहिजे. ती फसली.

आता पुन्हा घराकडे. २०१५ साली जयपूर येथे श्री. निकम ह्यांनी स्वतःच सांगितले की, कसाबने बिर्याणी मागितली ही गोष्ट आपण रचली होती. त्याच्याविषयी लोकांत कणव उत्पन्न होऊ लागली होती, ती मोडावी म्हणून. कसाबची शिक्षा ह्या गोष्टीवर उभी नव्हती. तिला पुरावा भरपूर होता. पण ही गोष्ट कोर्टाच्या खोलीत टिकली नसती. ती टिकली बाहेर, वृत्तपत्रांपुढे, जेथे उलटतपासणी नव्हती, आणि देशाने ती कित्येक वर्षे खरी मानली. आज ते ज्या सभागृहात बसतात, तेथे उच्चारलेल्या शब्दाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल सभासदास कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येत नाही, असे आपल्या घटनेचे १०५ वे कलम सांगते.