सही करायला काय जातं?

शपथेच्या बाबतीत आपण मराठी माणसे तशी हुशार. कोणी न विचारताच "गळ्याशप्पथ सांगतो" म्हणत गळ्याला चिमटा घेतला, की त्याच्या रुपयातले चार आणे आपण मनातल्या मनात वजा करतो. दुकानदार "आईशप्पथ, मलाच या भावाला पडलंय" म्हणाला, की आपली पावले आपोआप शेजारच्या दुकानाकडे वळतात. शपथ आली की मागोमाग संशय आलाच. हे पोरासोरांनाही कळते. कळत नाही ते फक्त खुर्चीवर बसलेल्यांना.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेला कम्युनिस्टांच्या भीतीने पछाडले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली आणि मग निष्ठेची साथच आली. इंडियाना राज्यात मुष्टियोद्ध्यांना आणि कुस्तीगिरांनाही राष्ट्रनिष्ठेची शपथ घ्यावी लागली. म्हणजे नाक फुटले तरी ते निष्ठावंत ठोशाने फुटल्याचे समाधान! सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाचे नाव होते 'रेड्स', म्हणजे 'लाल'. १९५३ साली त्यांनी ते 'रेडलेग्ज' करून टाकले. लाली पायांपुरतीच आहे, डोक्यात चढलेली नाही, याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा कुठला?

इथवर हसून घ्यावे. पण १९४९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने प्राध्यापकांपुढे कागद ठेवला : मी कम्युनिस्ट नाही, असे शपथेवर लिहून द्या. बहुतेकांनी सही केली. त्यांना नावे ठेवायला आपण कोण? "सही करायला काय जातं?" हा तर जगातल्या यच्चयावत संसारी माणसांचा कुलमंत्र!

काही जण मात्र अडून बसले. एक मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन. भुलभुलैयात सोडलेला उंदीर वाट कशी शोधतो, याचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेला माणूस; सापळा ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? दुसरे इतिहासकार एर्न्स्ट कान्टोरोविच. तरुणपणी जर्मनीत कम्युनिस्टांविरुद्ध बंदूक घेऊन लढलेले आणि पुढे ज्यू म्हणून हिटलरच्या राज्यातून निसटलेले. अशा माणसाने 'मी कम्युनिस्ट नाही' एवढे तीन शब्द लिहून द्यायला नकार दिला!

१९५० च्या ऑगस्टमध्ये ३१ प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यापैकी एकावरही कम्युनिस्ट असल्याचा आरोप नव्हता. मग भांडण कशाचे? आमटीत मीठ जास्त पडले म्हणून सुरू झालेला वाद "या घरात चालतं कुणाचं?" यावर येऊन थांबतो ना, तसेच हे. कम्युनिस्ट केव्हाच बाजूला राहिले होते. उरले होते ते "आम्ही सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाही" एवढेच.

१९५२ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्राध्यापकांना परत घ्यायला सांगितले. अट एकच : मधल्या काळात राज्याने काढलेली दुसरी शपथ त्यांनी घ्यावी! त्या शपथेतला जाचक भागही १९६७ साली न्यायालयाने रद्द केला. दरम्यान त्याच विद्यापीठाने एका इमारतीला टोलमन यांचे नाव दिले होते.

आता कोणी म्हणेल, जे खरेच आहे ते लिहून द्यायला हरकत कसली? हरकत अशी, की ही चाळणीच उलटी आहे. खरा हेर असेल तो पहिल्या दिवशी, रांगेत पुढे उभा राहून, वळणदार अक्षरात सही करील. अडेल तो फक्त शब्दाला जपणारा माणूस. म्हणजे कोंडा सुखरूप घरात आणि पीठ तेवढे उकिरड्यावर! शिवाय आपण होऊन बोललेले खरे आणि मानगूट धरून बोलवून घेतलेले खरे, यांत अक्षरे तीच असली तरी पहिले सत्य असते आणि दुसरी हजेरी.

तेव्हा सही करायला काय जातं? पहिल्या सहीला खरोखरच काही जात नाही. फक्त दुसरा कागद पुढे आला, की नाही म्हणायला तोंड राहत नाही. आणि दुसरा कागद येतोच.