जाऊ देणारा मालक

चांगलं घर पाहून काम धर, असं आपल्या वस्त्यांत पोरीला सांगतात. स्थळ पाहावं तसं घर पाहायचं. पोरगी एएनएमची दोन वर्षं पुरी करते, नाहीतर जीएनएमची तीन. सरकारी जागेची वाट पाहून डोळे थकतात. मग ती शेगावला नाहीतर मलकापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरते आणि पुण्यात कुणाच्या तरी घरी लकवा मारलेल्या म्हातारीच्या खाटेशी उभी राहते. नर्स म्हणून गेलेली असते. घरात तिला बाई म्हणतात.

या पोरीनं चांगला मालक कसा ओळखावा? आणि त्याच्या आधीचा प्रश्न, तिला निवडायला मिळतं का?

१९४७ साली संविधान सभेपुढे मांडण्यासाठी बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. त्यात त्यांनी हेच विचारलंय. बेकार माणसापुढं नोकरी टाकली, पगार कमी, तासांचा पत्ता नाही, वर संघटना करायची नाही ही अट, तर तो काय करील? हक्क सोडील आणि नोकरी धरील. उपाशी माणसाची निवड ही निवड नसते. म्हणून कुणी म्हणालं, 'पटत नव्हतं तर गेलीच कशाला', तर त्याला सांगा, परतीच्या तिकिटाचे पैसे जिच्याजवळ नाहीत तिला हा प्रश्न विचारू नये.

मी जिनिंगमधला कामगार. आम्ही रेचे बंद केले तर सरकी रडत नाही. रुई तिथंच पडून राहते. नुकसान होतं ते मालकाचं, आणि म्हणूनच आमच्या संपाला धार असते. नर्सचं तसं नाही. खाटेवरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ फुटते, जखमा होतात. नळीनं अन्न द्यावं लागतं, लघवीची पिशवी रिकामी करावी लागते. ती उठून गेली तर त्रास होतो तो म्हातारीला. पगार देणारा मुलगा तेव्हा ऑफिसात असतो, नाहीतर परदेशात.

म्हणजे या कामात मालक एक आणि रोगी दुसरा. इथंच सगळी गोम आहे. तिचा जीव रोग्यात अडकलाय हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. 'तू गेलीस तर आईचं कसं होणार?' या एका वाक्यावर चार चार महिने सुटी दाबली जाते. तिची माया आणि त्याचा फायदा. गिरणीच्या मालकाला असलं हत्यार कधी मिळालं नाही.

आता चांगुलपणाचं पाहू. 'आम्ही तिला घरच्यासारखं ठेवतो.' हे ऐकलं की मला भीती वाटते. घरच्या माणसाला कामाचे तास नसतात, पगार नसतो, रविवार नसतो. एवढंच घरचेपण तिच्या वाट्याला येतं. बाकी कप वेगळा, ताटली वेगळी, झोपायला स्वयंपाकघराची फरशी. काही घरी सर्टिफिकेट नंतर पाहतात, आधी आडनाव विचारतात.

मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपली थुंकी लागलेला धागा इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. आजच्या या घरांत उलटंच आहे. म्हातारीच्या तोंडातली लाळ पुसायला आपला हात चालतो, चहाचा कप मात्र चालत नाही. ज्या घरात हात चालतो आणि कप चालत नाही, तिथं पगार कितीही असो, चांगुलपणाची बात करू नये.

मग चांगला मालक कोण? जुनी साडी देतो तो नाही. साडी आज देईल, उद्या राग आला की देणार नाही. माझ्या मते, जो तुझ्या जाण्याची सोय आधीच करून ठेवतो तो चांगला मालक. दवाखान्यात पाळी संपली की दुसरी नर्स येते, रोगी तिच्या हवाली होतो, पहिली घरी जाते. घरातसुद्धा तसंच पाहिजे.

म्हणून ताई, उंबऱ्यातच विचार. माझी पाळी किती तासांची, आणि नंतर कोण? रात्री म्हातारी तीनदा उठली तर ती झोप धरणार की काम? सुटीच्या दिवशी खाटेशी कोण बसणार? भांडी-फरशी माझ्याकडं की नाही? माझ्या खोलीला आतून कडी आहे का? काम सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं? हे कागदावर लिहून दे म्हणावं. आणि अस्सल सर्टिफिकेट कुणाच्या हातात देऊ नको, ब्युरोवाल्याच्यासुद्धा. झेरॉक्स दे. सर्टिफिकेट ज्याच्या कपाटात, त्याच्या हातात तुझे पाय.

कुणी म्हणेल, दोन नर्सा ठेवायची ऐपत सगळ्यांची नसते. खरं आहे. पेन्शनवरचा मास्तर कुठून देणार? पण तो स्वतः रात्री उठू शकतो. त्याचा मुलगा कूस बदलायला शिकू शकतो. आईच्या अंगाला हात लावायला लेकाला लाज वाटते आणि परक्या पोरीनं चोवीस तास लावावा, हा ऐपतीचा प्रश्न नाही. जे घर आपली पाळी आपण उचलतं, ते गरीब असलं तरी चांगलं.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगाराचे आठवड्याचे ४८ तास ठरवले. घराला भोंगा नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी आली, कल्याणाच्या योजना आल्या, घड्याळ आलं नाही. २०१३ च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यानं मात्र घर हेसुद्धा कामाचं ठिकाण मानलं. तक्रारीसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती ठेवली. एवढं तरी गाठीशी बांधून जावं.

बाकीचं आपल्यालाच करावं लागेल. खामगाव, नांदुरा, चिखली, मेहकरच्या ज्या बाया जाऊन आल्या त्यांनी जाणाऱ्या पोरींना घरं सांगावीत. कुठं जेवण देतात, कुठं पगार अडकवतात, कुठं म्हाताऱ्याच्या मुलाची नजर वाईट. एकटीनं निवडलं तर ते नशीब. दहा जणींनी मिळून एक घर नाकारलं तर त्या घराला वागणं बदलावं लागतं.

आणि वाईट घर सोडायचं कसं? रोग्याला टाकून पळायचं नाही. मुदत सांगायची. शेवटचं औषध कधी दिलं, कूस कधी बदलली, जखम कुठं आहे, सगळं वहीत लिहायचं. येणाऱ्या माणसाच्या हाती म्हातारी द्यायची. आणि मुदत संपूनही कुणी आलं नाही, तर वही मुलाच्या हातात ठेवायची. ती आई त्याची आहे. रोग्याचं देणं तिथं फिटलं. त्यानंतर मालकानं आईची शपथ घातली तरी थांबायचं नाही. पिशवी उचलायची आणि स्टेशन गाठायचं.