चित्राची गवाही

विज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासताना आम्हांला नेहमी एक गोष्ट दिसते. ओहमच्या नियमाची वाचने इतकी नेटकी जुळतात की आलेखावर एकही बिंदू रेषेबाहेर जात नाही. विचारले तर मुले म्हणतात, "सर, नियम तर बरोबरच आहे ना?" याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

आमच्या पनवेलहून घाट चढला की पुणे. तेथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात कर्करोगावर काम करणाऱ्या डॉ. गोपाल कुंडू यांच्या गटाचा एक शोधनिबंध 2005 मध्ये अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त छापून आला. त्यातील प्रथिनांच्या काळ्या पट्ट्यांची चित्रे त्याच गटाच्या 2004 च्या निबंधातील चित्रांसारखी आहेत, असा आक्षेप निघाला. 2007 मध्ये निबंध मागे घेतला गेला. प्रा. जी. पद्मनाभन यांच्या समितीला गैरप्रकार आढळला नाही. 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' या संस्थेचे मत उलट पडले. कोणाची नियत कशी होती, हे अल्लाह जाणतो. आमचा प्रश्न वेगळा आहे. निष्कर्ष खरा असला, तर चित्राकडे कानाडोळा करावा काय?

आपल्या बुजुर्गांपुढे हा प्रश्न फार पूर्वी आला होता. लोकांनी कुरआनकडे वळावे म्हणून काहींनी सूरतींच्या फजीलतीच्या हदीसा रचल्या. हेतू नेक, मजकूरही गोड. तरी मुहद्दिसांनी त्या 'मौजू', म्हणजे बनावट ठरवून बाजूला काढल्या. सनदीची एक खोटी कडी चालवून घेतली, तर खऱ्या रावीवरही विश्वास उरत नाही.

चित्र ही संशोधकाची सनद आहे. वाचक प्रयोगशाळेत हजर नसतो. तो चित्राची गवाही मानतो. तिच्या भरवशावर दुसरा संशोधक आपली वर्षे खर्च करतो आणि कुठेतरी एखादा रुग्ण आशा धरून बसतो.

मात्र मागे घेणे ही बदनामी नव्हे. इमाम शाफईंनी मिसरमध्ये गेल्यावर इराकमधील आपली कित्येक मते बदलली. त्यामुळे त्यांची थोरवी कमी झाली नाही. चुकीच्या मतावरून परतणे, म्हणजेच रुजू, हाही इल्मचाच भाग आहे.

एक कबुली आम्हांलाही द्यायची आहे. रेषेबाहेरच्या बिंदूचे गुण आम्ही वर्षानुवर्षे कापत आलो. खोटे जुळवायला मुलांना आम्हीच शिकवले. यंदापासून ते गुण कापायचे नाहीत, असे ठरवले आहे. हा आमचा रुजू.