हजेरी

माझ्या मुलीला ‘प’ म्हणता येत नाही असं नाही. घरात ती पंखा म्हणते, पाऊस म्हणते, भांडायला उभी राहिली तर ‘प’ची अख्खी बाराखडी न अडखळता म्हणेल. पण सकाळी वर्गात हजेरी सुरू झाली, तिच्या आधीची तीन नावं उरली, दोन उरली, की तिचे ओठ मिटतात आणि ‘प्रेझेंट, मिस’मधलं पहिलंच अक्षर आत अडकून बसतं. चाळीस मुली थांबतात. काही हसतात. मग शेजारची मुलगी सांगून टाकते, ‘ओ आछे, मिस.’ ती आहे.

एप्रिलमध्ये ती सातवीत जाईल. गेल्या महिन्यात जेवताना तिने विचारलं, ‘आई, मी पुढच्या वर्षीपासून घरूनच शाळा केली तर?’ तिने सगळी माहिती काढून ठेवली होती. संगणकावर चालणारी शाळा, रोज साडेतीन तास, वर्गात पंधरा मुलं, फी आत्ताच्या शाळेपेक्षा कमी. अर्जसुद्धा छापून आणला होता. माझे यजमान म्हणाले, हरकत काय आहे? मला पटकन उत्तर देता आलं नाही. हरकत आहे असं वाटत होतं, पण ती कोणाची, तिची की माझी, हे कळत नव्हतं.

तिची बाजू भक्कम आहे. १६ मार्च २०२० पासून बंगालमधल्या शाळा बंद झाल्या तेव्हा ती दुसरीत जाणार होती. लहान वर्ग पुन्हा भरले ते थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. या सुमारे दोन वर्षांना बाकी सगळे हरवलेली वर्षं म्हणतात, तिला ती सुखाची वाटतात. हजेरी चौकटीत टाइप करायची असे. उत्तर येत असलं की हात वर केल्याचं चिन्ह दाबायचं आणि लिहायचं. तिची उत्तरं बहुतेक वेळा सर्वांत आधी पोहोचत. शिक्षिकेने मला फोन करून सांगितलं होतं, तुमची मुलगी किती बोलकी झाली आहे!

त्याच दोन वर्षांची दुसरी हकीगत आमच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्याकडे कामाला येणारी माशी (बंगालीत मावशीला माशी म्हणतात, कोलकात्यात आल्यावर मला सर्वांत आधी आपला वाटलेला शब्द हाच) कॅनिंग लोकलने येते. लोकल बंद झाल्या तेव्हा ती घरी बसली. आम्ही पगार पाठवत राहिलो आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटत होता. तिचा मुलगा आठवीत होता. शाळेतून दर महिन्याला तांदूळ-बटाटे मिळत, ते आणायला पालकांनी जायचं. धडे मोबाइलवर येत आणि मोबाइल घरात एकच. ११ नोव्हेंबरला लोकल सुरू झाल्या तशी माशी कामावर येऊ लागली आणि तिच्या पिशवीतून मोबाइलही आमच्या घरी येऊ लागला. म्हणजे ती आमच्या ओट्याशी भांडी घासत असताना तिच्या मुलाची शाळा शेजारी पिशवीत वाजत असे, आणि आतल्या खोलीत माझी मुलगी तिच्या शाळेत बसलेली असे. हे मला त्या वेळी दिसलं नाही. खरं म्हणजे दिसलं होतं, मी त्याला नाव दिलं नाही. शाळा उघडल्या तोवर तो मुलगा मामाबरोबर केरळात बांधकामावर गेला होता. आता तो घरी पैसे पाठवतो.

२० मे २०२० ला अम्फान आलं तेव्हा आमच्या भागात काही दिवस वीज नव्हती. त्या सबंध काळात हे दोघे सारखेच गैरहजर असल्याचे तेवढे ते काही दिवस.

यावरून मी मुलीला शाळेतच घालायला हवं असं ठरतं का? माझी एक मैत्रीण तसं मानते. ज्यांना परवडतं ते आपापली मुलं काढून घेत गेले, तर उरलेल्यांच्या शाळेकडे कोण बघणार, असं ती म्हणते. तिचं खरं आहे. पण माझ्या मुलीची शाळा काही माशीच्या मुलाची शाळा नव्हेच. आम्ही त्याच्यापासून वेगळे झालो ते बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळीच. आता संगणकाच्या शाळेला नकार देऊन मी ते जुनं खातं मिटवते आहे असं भासवणं खोटेपणाचं होईल. शिवाय त्याची किंमत रोज सकाळी मुलगी भरणार. माझ्या तत्त्वांचा हप्ता तिने का फेडायचा?

दुसरा युक्तिवाद सोसण्याचा. चार मुलांत टक्केटोणपे खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही, असं आजी फोनवरून सांगते. हे मला कधीच पटलेलं नाही. ज्यांना टक्केटोणपे खाऊन चांगलं झालं ते हे सांगायला उरतात. बाकीचे गप्प असतात.

तिसरा कायद्याचा. तो लवकर आटपतो. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे देता येते. त्यासाठी वय किमान १४ लागतं. रस्ता आहे.

आणि कोलकात्यात राहून चौथा चुकत नाही. खालच्या मजल्यावरचे दादा म्हणाले, रवींद्रनाथ कुठे शाळेत शिकले? मी ‘जीवनस्मृती’ पुन्हा काढून वाचली. ते शाळेत गेले, एका नव्हे चार शाळांत, आणि कुठेच रमले नाहीत. मोठी मुलं जातात म्हणून शाळेसाठी रडले, तेव्हा मास्तरांनी एक चपराक देऊन बजावलं की, आत्ता जायला रडतोस, उद्या न जाण्यासाठी याहून जास्त रडशील. तसंच झालं. म्हणजे दादांचं निम्मं बरोबर. पण घरी ते एकटे शिकत नव्हते. एक भाऊ आणि एक भाचा सोबत होते. पहाटे कुस्ती, मग गणित, संध्याकाळी इंग्रजीचे मास्तर, सगळं जोडासाँकोच्या त्या गजबजलेल्या वाड्यात. आणि शाळेवर इतका राग असलेल्या या माणसाने १९०१ साली शांतिनिकेतनात काय काढलं, तर शाळाच. पाच मुलं घेऊन. शाळेवर त्यांचं उत्तर झाडाखालची दुसरी शाळा हे होतं, एकट्याची खोली नव्हे.

पण मला थांबवलं ते त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका प्रसंगाने. लहानपणी ते व्हरांड्याच्या लाकडी कठड्याचे गज विद्यार्थी मानून शिक्षक-शिक्षक खेळत आणि छडीने त्यांना बडवत. शिक्षकांकडून विद्या उचलण्याआधी त्यांचा रागीटपणाच आपण उचलला, असं ते पुढे लिहितात. वाचताना २०२० मधल्या माझ्या मुलीच्या शिक्षिका आठवल्या. चाळीस काळ्या चौकटी, आवाज बंद, आणि त्या एकट्याच बोलताहेत. गज तक्रार करत नाहीत. गज ‘ओ आछे’सुद्धा म्हणत नाहीत.

शेजारच्या बाकावरच्या त्या मुलीबद्दल मी मुलीला विचारलं. मला वाटलं होतं, ती मैत्रीण असेल. ‘मैत्रीण नाहीये,’ ती म्हणाली. ‘तिला हजेरी लवकर संपायला हवी असते.’ जरा वेळाने म्हणाली, ‘पण ती हसत नाही.’

यात मी अडकले आहे. घरच्या शाळेत तिच्याभोवती जे कोणी असेल ते आम्ही निवडलेलं असेल, आणि आम्ही तिच्यावर प्रेम करतो म्हणून फार जपून निवडू. ती न आवडणारी, न निवडलेली, कंटाळलेली मुलगी, जी रोज सकाळी उगाचच माझ्या मुलीच्या असण्याची साक्ष देते, ती मला कुठल्याही फीमध्ये आणता येणार नाही. आणि हसणाऱ्या मुलीही त्याच बाकांवर आहेत. एक ठेवून दुसऱ्या वगळता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला आधीच करता आली असती, ती मी सहा वर्षं केली नव्हती. मी शाळेत गेले. हजेरीला बोलण्याऐवजी हात वर केला तर चालेल का, एवढंच वर्गशिक्षिकेला विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्याच मुली हात वर करतील, त्यात काय? परत येताना रिक्षात मला रडू आलं. आनंदाने नव्हे, इतक्या सोप्या गोष्टीसाठी एका मुलीला शाळा सोडायची पाळी येईपर्यंत मी थांबले म्हणून.

मुलीला सांगितलं तेव्हा ती खूश झाली नाही. ‘आणि मोठ्याने वाचायला लावलं तर?’ तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अखेर तिनेच अट घातली: पूजेच्या सुट्टीपर्यंत जाईन, तेव्हा परत विचारेन, आणि तेव्हा निर्णय माझा. यजमान म्हणाले, बारा वर्षांच्या मुलीचा? मी म्हटलं, हो. अर्ज तिने भरून, सही करून तिच्या कप्प्यात ठेवला आहे. पालकाच्या सहीची जागा रिकामी आहे.