मुलं डोंगरावर जाणारच आहेत

नातीच्या शाळेच्या पालकसभेला परवा मी गेलो होतो. लेक आणि जावई दोघंही नोकरीवर, म्हणून आजोबांची रवानगी. फी, गणवेश, व्हॅनवाल्याच्या तक्रारी असे विषय तासभर चालले. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ यात एक ओळ वाचून दाखवली गेली: सहावी ते आठवीचं निसर्गशिबिर यंदापासून बंद करावं का? दोन रात्री अंजनेरीच्या पायथ्याशी, एक दिवस नांदूर मध्यमेश्वरला, असं हे शिबिर बरीच वर्षं चालत आलं आहे. एक वडील म्हणाले, “उगाच रिस्क कशाला?” दुसरे म्हणाले, “त्या तीन दिवसांत फाउंडेशनचा केवढा पोर्शन होतो!” शिबिर भरवणारे सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. सात मिनिटांत बहुतेक हात वर झाले. अंतिम निर्णय पुढच्या सभेत.

माझा हात वर नव्हता, पण तोंडही उघडलं नाही. ते आता उघडतो आहे.

आधी भीतीबद्दल बोलू, कारण ती खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्यातले १४ विद्यार्थी बुडाले. ज्याच्या घरी मूल आहे त्याला तो दिवस विसरता येणार नाही, आणि विसरूही नये. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींवर अटींची लांबलचक यादी घातली. समुद्र नको, डोंगर नको, विहीर नको. अटींमागची काळजी खरी होती. पण शाळांनी त्या यादीतून एकच धडा घेतला, की न जाणं सगळ्यात सुरक्षित. सहल मग वॉटर पार्कच्या कुंपणात गेली, नाहीतर मॉलमधल्या खेळांच्या दालनात. संमतीपत्रावर मात्र ठळक अक्षरांत एक ओळ कायमची छापली गेली: ‘कोणतीही दुर्घटना घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ पालकही ती न वाचता सही करतात. एकाने हात झटकायचे, दुसऱ्याने डोळे मिटायचे, यालाच आपण सुरक्षितता म्हणू लागलो.

आता नाशिकच्या पालकांनी एक गोष्ट मनाशी मान्य करावी. आपली मुलं डोंगरावर जाणारच आहेत. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी त्र्यंबक रस्त्याला उभं राहा. एका दुचाकीवर तिघं, पायात चपला, हातात मोबाईल, निघाले पहिन्याला, निघाले दुगारवाडीला. ऑगस्ट २०२२ मध्ये दुगारवाडीच्या धबधब्यावर अचानक पाणी चढलं आणि पर्यटक पलीकडे अडकले. रात्रीच्या अंधारात त्यांना बाहेर काढावं लागलं, तरी एक जण वाहून गेला. हरिहरच्या उभ्या कातळातल्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अडून खोळंबतात, त्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. वर पाऊस झाला की खालचा ओढा किती मिनिटांत फुगतो, शेवाळलेल्या दगडावर पाऊल कसं टाकायचं, वाट चुकली तर धावायचं की थांबायचं, हे त्यातल्या किती जणांना कधी कुणी शिकवलं असेल?

तेव्हा प्रश्न मूल डोंगरावर जाईल की नाही हा नाहीच. बाराव्या वर्षी शिक्षकांच्या शिट्टीमागे जाईल, की अठराव्या वर्षी मित्राच्या दुचाकीवर, एवढाच आहे. शिबिर बंद करून जोखीम संपत नाही. ती सहा वर्षं पुढे सरकते आणि तेव्हा सोबत कुणी जाणतं माणूस नसतं.

शिबिरात नेमकं काय होतं, ते मी गेल्या वर्षी पाहिलं. सोबतीला एक माणूस कमी पडत होता, म्हणून मला नेलं. नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या बाजूने सकाळी सातला पोहोचलो. थंडी कडाक्याची. चाळीस मुलं आणि दुर्बिणी पाच. पहिला अर्धा तास धक्काबुक्कीत गेला. मग गावातल्या गाईडने सगळ्यांना खाली बसवलं आणि हळूच बोट दाखवलं. पाणवनस्पतींच्या कडेने एक जांभळी पाणकोंबडी लांबलचक लाल बोटं टाकत चालली होती. बोलता बोलता चाळीस मुलं गप्प झाली. वर्गात हे होत नाही, हे मी शिक्षकांकडूनच ऐकलं आहे.

मग सरांनी विचारलं, “हे तळं कुणी बांधलं?” कुणी म्हणालं सरकारने, कुणी म्हणालं देवाने. सरांनी काठावरचा ओला गाळ उचलून एका मुलीच्या तळहातावर ठेवला. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे पाणी अडवायला बंधारा घातला. नद्यांनी वरून माती आणली, ती बंधाऱ्यामागे साचत गेली, पाणी उथळ झालं, उथळ पाण्यात वनस्पती वाढल्या आणि वनस्पतींमागे पक्षी आले. माणसाने बांधला तो बंधारा. पाणथळ नदीने केली. जानेवारी २०२० मध्ये याच पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळालं, महाराष्ट्रातलं पहिलं. ती मुलगी हातातल्या गाळाकडे बघत म्हणाली, “म्हणजे ही माती त्र्यंबकची आहे?” सर म्हणाले, “थोडी त्र्यंबकची, थोडी तुमच्या शेताची.” भूगोलाच्या पुस्तकात ‘निक्षेपण’ असा शब्द आहे. तो तिला पुन्हा पाठ करावा लागला नसेल.

आपण नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हटलं की रामकुंड समजायचं. सिंहस्थाला जग आपल्या दारी येतं याचा आपल्याला अभिमान. पण ही गंगा ब्रह्मगिरीवरून निघते आणि पुढे नांदूरला गाळ टाकते, हे शहरातल्या किती मुलांनी स्वतःच्या पायांनी पाहिलं आहे? नदीशी ज्यांचं नातं फक्त पुलावरून जाण्याचं, ती मोठी होऊन तिच्यासाठी कशाला भांडतील? २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांच्या हातांनी देवराई उभी राहिली. हे प्रेम आकाशातून पडलं नाही. लहानपणी कुणीतरी बोट धरून झाडाखाली नेलेली ही माणसं आहेत. त्यांच्यानंतरची पिढी कुठून आणणार?

कुणी म्हणेल, ही सगळी पाश्चात्त्य फॅडं. त्याने तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाऊन बघावं. ब्रह्मगिरीची फेरी सुमारे वीस किलोमीटर, भर पावसात, चिखलात, अनेक जण अनवाणी, कडेवर लेकरं. तेव्हा आपण संमतीपत्र मागत नाही. परंपरेतली कथा तर त्याहून बोलकी आहे. विठ्ठलपंत कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला, पळापळ झाली, निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. निवृत्तीने मग ज्ञानदेवाला उपदेश केला. वाट चुकलेल्या त्या मुलाच्या हातून मराठी भक्तीची परंपरा पुढे आली, असं आपणच कीर्तनात माना डोलावत ऐकतो. मुलांनी वाट चुकावी असं मी म्हणत नाही. पण डोंगर हे मुलांचं ठिकाण नव्हे, असं निदान त्र्यंबकच्या पंचक्रोशीत तरी कुणी म्हणू नये.

आता जरा कटू बोलतो. शिबिर बंद झालं तर नुकसान कुणाचं? ज्यांना परवडतं, त्यांची मुलं मे महिन्यात मनालीच्या साहस शिबिराला जातील. पंचवटीतल्या खोलीत राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या मुलीसाठी मात्र शाळेचं शिबिर हीच घराबाहेरची पहिली रात्र असते. कित्येक घरांत मुलीला ‘शाळेबरोबर आहे’ म्हणूनच सोडतात. ते दार बंद झालं की आधी मुली घरात अडकतात, मग गरीब मुलं. शिबिर हा चैनीचा भाग आहे असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. शाळेने फुकट किंवा स्वस्तात दिलेली गोष्ट काढून घेतली, की ती बाजारात जाते आणि ज्याच्या खिशात पैसे त्याचीच उरते.

शाळेनेच मुलांपर्यंत बाहेर जावं लागतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना फार आधी कळलं होतं. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम करताना त्यांनी पाहिलं, की आदिवासी मुलं गुरं राखतात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. कुरणशाळा काढली. गुरं चरत असतील तिथे शिक्षक गेला, आणि झाड, दगड, पान, गुरं हीच पाटी झाली. शिक्षणाला भिंती लागतातच असं नाही, हे या दोघींनी कामातून दाखवलं. आपण मात्र भिंतीतल्या मुलांना बाहेर नेण्याचे तीन दिवसही जड मानतो.

आणि त्या तीन दिवसांत पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या पाड्यावर गेलं, तर शिकवणारे कोण असतात? तिथली आपल्या मुलांच्या वयाची पोरं. राब कशाला भाजतात, आवणीची रोपं कशी ओढतात, टाकळा आणि कुरडू कसे ओळखायचे, बिबट्याच्या वाटेवरून अंधारात कसं चालायचं, सगळं त्यांना येतं. इंग्रजी माध्यमाचं पोर तिथे पहिल्यांदा मागच्या बाकावर बसतं. त्याच्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही.

अभ्यासाचं काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी दहा दप्तरविना दिवस सांगितले आहेत. महाराष्ट्रात २०२४ पासून आनंददायी शनिवारही आला. म्हणजे कागद मुलांच्या बाजूने आहे, अडतं ते घरात. तीन दिवसांचा पोर्शन बुडाल्याने कुणाचं आयुष्य बुडालेलं मी पाहिलं नाही. बोर्डाच्या परीक्षेत नव्वद टक्के मिळवून नदीत पाय ठेवायला घाबरणारी, नाहीतर बेफिकिरीने ठेवणारी मुलं मात्र भरपूर पाहिली.

मग मार्ग काय? शिबिर वाचवायचं तर ‘शाळेने बघावं’ म्हणून चालणार नाही. निवडणुकीचं काम, माहिती भरण्याचं काम, वर चाळीस मुलांचा जीव, हे सगळं एका शिक्षकाच्या डोक्यावर टाकून आपण त्याच्याकडून उत्साह मागतो. म्हणून काही साध्या गोष्टी. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यातले निम्मे पालक. शिक्षकांनी आधी जाऊन वाट, पाणी, जवळचं आरोग्य केंद्र पाहून यायचं. प्रत्येक मुलाला एक जोडीदार आणि गळ्यात शिट्टी. गावातला माणूस वाटाड्या म्हणून, योग्य मोबदला देऊन. पावसाळ्यात धबधबा नाही, पोहणं नाही, यात तडजोड नाही. शैक्षणिक सहलींना एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, मग खासगी आराम बस कशाला? आणि स्नेहसंमेलनातला डीजे एक वर्ष बंद ठेवला, तरी ज्यांना पैसे भरता येत नाहीत अशा दहा मुलांचा खर्च निघतो. यादी लांब नाही. तिला फक्त माणसं हवीत.

पुढच्या सभेत मी एवढंच मागणार आहे. शिबिर बंद करायचं की नाही, हे ठरवण्याआधी संमतीपत्र बदला. ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ ही ओळ काढा. तिच्या जागी दोन चौकोन छापा: ‘मी माझ्या पाल्याला पाठवतो’ आणि ‘मी स्वतः सोबत येतो’. निदान दहा पालकांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली, तर शिबिर होईल. एकानेही केली नाही, तर ते बंद करा. पण मग कारण म्हणून मुरूडचं नाव घेऊ नका.

पहिली खूण माझी. गुडघे दुखतात, पण अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत तरी नेतील.