आधी कशाला पैसा?

सरकारने आधी कशावर खर्च करावा, हे निवडून आलेल्यांनी ठरवायचे, हे उत्तर बरोबर आहे. पण तेवढ्याने भागत नाही. ते का भागत नाही, याचा विचार दक्षिण आफ्रिकेत फार गंभीरपणे झाला. १९५५ साली आजच्या सोवेटोतल्या क्लिपटाउनला मंजूर झालेल्या स्वातंत्र्याच्या सनदेत मताधिकारासोबत घर, शिक्षण आणि औषधोपचाराचीही मागणी होती. वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९६ची राज्यघटना लिहिताना या मागण्यांचे काय करायचे, हा प्रश्न आला. भारताच्या घटनेने अशा गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत ठेवल्या. त्या तत्त्वांसाठी थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. दक्षिण आफ्रिकेने त्यांना हक्कांचा दर्जा दिला, घर आणि औषधोपचाराच्या बाबतीत मात्र सरकारकडे असलेल्या साधनांच्या मर्यादेत. न्यायाधीश अंदाजपत्रकात हात घालतील, असा आक्षेप लगेच आला. त्यावर घटना न्यायालयाने दाखवून दिले की न्याय्य खटल्याच्या हक्कासाठी गरीब आरोपीला वकील द्यायचा, तरी सरकारी तिजोरीतूनच पैसा जातो.

खरी कसोटी १९९७ साली लागली. डर्बनच्या सरकारी रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे अपुरी होती, म्हणून थियागराज सुब्रमणी या रुग्णाला नियमानुसार उपचार नाकारले गेले. न्यायालयाने रुग्णालयाचा निर्णय मान्य केला आणि थोड्याच दिवसांत ते वारले. यंत्रे कोणाला आधी द्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे, हे मला पटते. पण यंत्रे इतकीच का, हा प्रश्न तिथे मागे पडला. १९९९मध्ये त्याच देशाच्या सरकारने पाणबुड्या आणि लढाऊ विमानांसाठी सुमारे ३० अब्ज रँडचे करार केले. टंचाई अनेकदा खरी असते, तरी तिचा आकार माणसांच्या निर्णयांनी ठरतो. २०००च्या ग्रूटबूम निकालात हा विचार पुढे सरकला. वॉलेसडीनमधल्या बेघर कुटुंबांना न्यायालयाने घरे वाटली नाहीत. ज्यांना डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी आज काहीही न करणारे गृहधोरण वाजवी ठरत नाही, एवढे सांगितले. अंदाजपत्रक सरकारचेच राहिले, पण त्यामागची कारणे उघडपणे मांडण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. २००२ साली आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या नेव्हिरापिनच्या खटल्यात ही जबाबदारी किती मोलाची आहे ते दिसले. उत्पादक कंपनी हे औषध पाच वर्षे फुकट द्यायला तयार होती, तरी सरकारी आरोग्यसेवेत ते प्रत्येक प्रांतात दोनच ठिकाणी मिळत होते. सरकारची कारणे न्यायालयात टिकली नाहीत आणि बंधने उठवावी लागली.

हे सगळे कागदावरच राहते, हा आक्षेप मात्र जड आहे. ज्यांच्या नावाने तो घरांचा निकाल ओळखला जातो त्या आयरीन ग्रूटबूम २००८ साली वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या. सोवेटोतल्या फिरी वस्तीत प्रीपेड मीटर आले आणि घरामागे महिन्याला सहा हजार लिटरच पाणी फुकट मिळू लागले, तेव्हा रहिवासी लढले. २००९मध्ये ते हरले. तरीही खटला चालू असताना जोहान्सबर्ग महापालिकेने आपले धोरण अनेकदा सुधारले, आणि जाब द्यावा लागल्यामुळे हे घडले, याची दखल न्यायालयानेच घेतली. ग्रूटबूम आणि नेव्हिरापिन या दोन्ही निकालांत न्यायालयाने अंमलबजावणीवर स्वतः देखरेख ठेवली नाही. औषधाच्या बाबतीत फरक पडला, कारण तो खटला लढणाऱ्या ट्रीटमेंट अॅक्शन कॅम्पेन या संघटनेचे हजारो कार्यकर्ते रस्त्यावर होते आणि निकालानंतरही ते मागे हटले नाहीत. वॉलेसडीनच्या लोकांमागे असे बळ नव्हते. म्हणून न्यायालये अती करतात, हे म्हणणे मला मान्य नाही. उलट, ज्यांच्यामागे संघटना उभी नाही त्यांच्या खटल्यांत न्यायालयाने सरकारकडून ठरावीक मुदतीने अहवाल मागवत राहायला हवे आणि घरे मिळेपर्यंत प्रकरण बंद करू नये.